सरदाराला माफी

चैत्र सरत आला की सानपाड्याला आमच्या बाल्कनीत कांदा येतो. म्हणजे वास. कांद्याच्या घाऊक मार्केटकडून वारा फिरला की उन्हात तापलेल्या गोणपाटाचा, आतून घामेजलेल्या उन्हाळी कांद्याचा तो उग्र आणि किंचित गोडसर वास थेट चौथ्या मजल्यावर. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू खटाखट खिडक्या लावतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकतात. दर वर्षी! अहो, मार्केट आधी आलं, मग आपण आलो, असं मी टाईप करते आणि पुसून टाकते. उगाच कशाला दुखणं विकत घ्या.

आमच्या घरात मात्र कुणी खिडकी लावत नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, खुर्ची ओढून बाल्कनीत बसतात आणि नाक वर करून जाहीर करतात, "आज माल वला हाय." ओला माल म्हणजे गोणी जड, गोणी जड म्हणजे पाठीचं मरण. उभं आयुष्य त्यांनी त्या मार्केटात गोणी वाहिल्या. आता पाठ अशी झालीय की सरळ उभे राहिले तरी जमिनीवर काहीतरी शोधतायत असं वाटतं. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. तो वास त्यांना आवडतो असं नाही, आवडत नाही असंही नाही. तो आला की ते गप्प होतात, आणि मग मी पण.

कारण एक उन्हाळा आहे. तो दर वर्षी ह्या वासासोबत आमच्या घरी येतो आणि चांगला पाऊस पडेपर्यंत मुक्कामाला असतो. पाहुणा असता तर एव्हाना त्याला "कधी निघताय?" असं विचारलं असतं.

मी गोष्टी लिहिते. छापायच्या नाहीत, ऐकायच्या. भांडी घासताना, बसमध्ये, ट्रेडमिलवर लोक मोबाईलवर मालिका ऐकतात ना, तसल्या. राण्या, जादूचे किल्ले, शापित तलवारी, असला सगळा कारखाना. सध्याची मालिका निळगडच्या राज्याची आहे. निळगडाच्या तटावर दगडी हत्ती झोपलेले असतात. शत्रू आला की एक खास शीळ घालायची, हत्ती जागे होतात. ती शीळ फक्त राणीला आणि तिच्या सरदारांना ठाऊक. तर सरदार रणधवल फितूर होतो. हत्तींना परत झोपवायची शीळ तो शत्रूला शिकवतो, आणि उत्तर दरवाज्यावरच्या पहारेकऱ्यांना सांगतो, "राणीचा हुकूम आहे, दार उघडा." ते बिचारे उघडतात. अर्धं शहर जळतं. शेवटी राणी जिंकते आणि रणधवल साखळदंडात दरबारात उभा राहतो.

आता त्याचं काय करायचं, एवढाच भाग लिहायचा उरला होता. आणि ह्या एप्रिलमध्ये तो माझ्याच्यानं लिहवत नव्हता.

वास्तविक त्यात अडण्यासारखं काही नव्हतं. माझ्या राज्यात फितूर सरदार सुटत नाही, हा माझा नियम. ऐकणाऱ्यांनाही आता सवय झालीय. "वैशालीताईंच्या गोष्टीत कुणाला सरदारकी मिळाली की समजायचं, त्याचे दिवस भरले," असं एकीनं लिहिलं होतं. इतरांच्या गोष्टी मी ऐकते तेव्हा मात्र माझा जळफळाट होतो. राज्य विकणारा उमराव पकडला जातो, दरबार भरतो, राजा गंभीर होतो, आणि शिक्षा काय? तर हद्दपारी! ती पण कुठे, तर त्याच्याच डोंगरातल्या वाड्यात. सोबत नोकरचाकर. फार तर तलवार काढून घेतात आणि तो ती देताना डोळ्यांत पाणी आणतो. संपलं. आणि त्याच्या शब्दावर चालून आलेली पायदळातली माणसं? ती आदल्याच भागात, एका वाक्यात, झाडांना लटकवलेली असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ते वाक्य वाचणारा कलाकार तिथे श्वाससुद्धा घेत नाही.

असं का होतं ते मला चांगलं माहीत आहे, मी त्याच धंद्यात आहे. सरदाराला नाव असतं. त्याची आई, त्याचं घोडं, त्याचं लहानपणीचं प्रेम, सगळं आपणच तर लिहिलेलं असतं. वीस भाग त्याच्यासोबत राहिल्यावर त्याच्या मानेवर सुरी ठेवताना आपण आपलाच हात आवरतो. पहारेकऱ्याला काय, एक भाला दिला की तो तयार. दया म्हणतो आपण, पण ती ओळखीच्याच माणसावर येते.

"बये, तू त्याला मारू नकोस," असं नाझनीन पहिल्यापासून म्हणत होती. नाझनीन आमच्या मालिकांची रेकॉर्डिंग बघते. मूळची पनवेलकडची, आमची दोस्ती कॉलेजपासूनची, त्यामुळे मला "बये" म्हणायचा अधिकार तिनं स्वतःच घेतलाय. "लोक पागल झालेत रणधवलवर. त्याचा आवाज ऐकलास ना?"

"आवाज चांगला म्हणून सोडू? उद्या खुनी गाणारा निघाला तर?"

"टेन्शन नको घेऊस, ऐक. तू काय करतेस माहितीये? सगळे उलटं करतात, तू उलट्याचं उलटं करतेस. शिपाई सगळे सोडतेस, सरदार सगळे मारतेस. ठीक. पण मग तुझ्या राणीकडे उरतं कोण? रणधवलचा सगळा मुलूख, त्याची भाऊबंदकी, त्याची फौज. ह्याला मारला की ते उठणार. परत लढाई, परत जाळपोळ, परत तुझेच शिपाई मरणार. सोडलं तर ते राणीच्या उपकारात राहतील. माफी म्हणजे दरवेळी लाड नसतो गं, कधीकधी ते राजकारण असतं."

मला राग आला तो ती चुकीचं बोलत होती म्हणून नव्हे. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. अगदी हेच. लहानपणी, मार्केटातल्या मारुतीसमोर, मोठ्या माणसांच्या तोंडून. "बापूला काढला तर निम्मी टोळी उठंल."

टोळी म्हणजे हमालांचा एकत्र काम करणारा गट. एका टोळीनं ठरलेल्या गाळ्यांचा माल उतरवायचा, चढवायचा. टोळीचा म्होरक्या मुकादम. आमच्या टोळीचे मुकादम बापू, आमच्याच गावचे, पाटणच्या डोंगरातले. निम्मी टोळी त्यांच्या भावकीतली. आण्णांना गावाहून त्यांनीच आणलं, टोळीत घातलं, तुर्भ्याला मार्केटच्या मागे पत्र्याची खोली बघून दिली. आमच्या घरात देवाखालोखाल बापूंचं नाव. माझं बारसंसुद्धा त्यांच्या सल्ल्यानं झालं म्हणतात. मी दिसले की "काय गं ढमे!" म्हणून गालगुच्चा घ्यायचे. दुखायचं, पण बरं वाटायचं.

त्या उन्हाळ्यात टोळीतल्या म्हादूचा पाय फळीवरून घसरला आणि त्याच्या पायावर गोण्या कोसळल्या. तो ओरडतोय, आणि ज्याचा माल होता तो शेठ म्हणाला, "आधी गाडी खाली करा, मग त्याचं बघू." झालं. टोळी पेटली. शेठ जोवर टोळीसमोर येऊन म्हादूची हात जोडून माफी मागत नाही, तोवर त्याच्या गाळ्याच्या गोणीला कुणी हात लावायचा नाही. मारुतीसमोर नारळ फोडून शपथ झाली. नारळ फोडला बापूंनीच.

आणि फितूर झाले तेही बापूच. शेठच्या कांद्याचा ट्रक उन्हात उभा, माल आतून सडायला लागलेला. पहाटे बापू आमच्या खोलीवर आले. "ऊठ. मिटलं सगळं. शेठनं हात जोडलं काल सांच्याला. तू फुडं हो, गाडी खाली कराया लाग." आई चुलीपाशी होती, तिनं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. आण्णांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. मुकादम म्हणतोय मिटलं, म्हणजे मिटलं. ते गेले. ट्रकचा ड्रायव्हर आणि क्लीनर वरून गोण्या द्यायला लागले, आणि आण्णा वाहायला. टोळी आली तेव्हा आण्णांच्या पाठीवर गोणी होती. आणि शेठनं हात जोडलेच नव्हते.

मारुतीसमोर बैठक बसली. आम्ही पोरं खांबामागं. शेठला शब्द आपणच दिला हे बापूंनी कबूल केलं, आण्णांना काय सांगून पाठवलं ते मात्र नाही; कान धरले, नाक घासलं, रडले पण. त्यांची शिक्षा झटक्यात ठरली, सीझन संपेपर्यंत मुकादमकी सोडायची. काम चालू, टोळीत जागा चालू. मग आण्णांची पाळी आली. कुणीतरी विचारलं, "तुला ठावं नव्हतं का शपथ?" आण्णांनी तोंड उघडलं, "मला बापूनं..." आणि बापूंकडे बघितलं. बापू खाली बघत होते. आण्णांनी तोंड मिटलं. ते मिटलं ते आजतागायत.

त्यांची शिक्षा अशी, की सीझनभर कुणी त्यांच्या पाठीवर गोणी द्यायची नाही.

ही शिक्षा किती हुशार आहे हे हमालाच्या घरातल्यालाच कळेल. माणूस पाठीवर गोणी वाहू शकतो, पण स्वतःची स्वतः पाठीवर घेऊ शकत नाही. ती दोघांनी उचलून द्यावी लागते. कितीही पैलवान असो, दुसऱ्याचे हात लागतात. टोळीतून काढलं नाही, मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त हात लावायचे नाहीत.

आई त्या मार्केटात कांदा निवडायला बसायची. सुट्टी लागलेली, म्हणून मी तिच्याजवळ. तिथून गाळ्यासमोरचा ट्रक सरळ दिसायचा. मागचा फाळका पाडलेला, वर दोघं उभे, खाली हमालांची रांग. एकेक पुढे येतो, वळतो, वाकतो, वरून गोणी पाठीवर येते, तो चालू लागतो. आण्णाही रांगेत. त्यांची पाळी यायची. ते वळायचे, वाकायचे, हात मागे घ्यायचे. आणि वरचे दोघं म्हणायचे, "हां, फुडचा!" पुढचा माणूस आण्णांना वळसा घालून यायचा. आण्णा तसेच वाकलेले राहायचे जरा वेळ. मग बाजूला व्हायचे आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायचे.

रोज. एक दिवस घरी बसले नाहीत. कुणी सांगितलं होतं जायला? आई ओरडायची, "नका जाऊ, लाज वाटती मला!" तर म्हणायचे, "शिक्षा टोळीनं दिलीया, घरात बसून कशी फिटंल?" मला आधी तो काहीतरी खेळ वाटला होता. आमच्यात पण असायचा ना, एकाला वगळायचं, आणि तो हसत हसत मागे मागे फिरतो. पण आण्णा हसत नव्हते. आणि आई कांद्यावरची मान वर करत नव्हती. तिचे डोळे कांद्यानं लाल असायचे, त्यामुळे ती रडली का नाही हे मला कधीच कळलं नाही.

रांगेत बापू पण असायचे. त्यांच्या पाठीवर गोणी पडायची. आण्णांना वळसा घालून जाणाऱ्यांत तेही असायचे.

संध्याकाळी आण्णा खोलीत वाकायचे आणि म्हणायचे, "वैशे, बस." मी पाठीवर बसायची. ते मला घेऊन त्या एवढ्याशा खोलीत फेऱ्या मारायचे, चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. "पाठ इसरायला नगं," असं म्हणायचे. मला मजा वाटायची, मी टाचा मारायची, "चल घोड्या!" करायची. आईनं एकदा मला ओढून खाली उतरवलं आणि फाडकन माझ्याच मुस्काटात ठेवून दिली. तेव्हा वाटलं, माझं काय चुकलं?

पाऊस लागला, सीझन संपला. बापू परत मुकादम झाले. आणि त्यांनी पहिलं काम काय केलं, तर आण्णांना बोलावून स्वतःच्या हातांनी त्यांच्या पाठीवर गोणी दिली. टोळीनं शिट्ट्या वाजवल्या. आण्णा त्या दिवशी पेढे घेऊन घरी आले. "बापूनं सवता दिली!" असं सांगताना त्यांचा चेहरा काय फुलला होता! आईनं पेढ्याचा पुडा उचलला आणि शेजारी देऊन टाकला. मरेपर्यंत ती म्हणायची, "तुझ्या बापाला देवानं तोंड दिलं हुतं, भाकरी खायापुरतं."

मी लिहायला लागले आणि एक गंमत सुरू झाली. गंमत कसली, पछाडणं म्हणा. कुठलाही दरबार लिहायला घेतला, झुंबरं लावली, सिंहासन ठेवलं, भालदार उभे केले, की मागे खांबाशी कुणीतरी वाकलेलं दिसतं. पाठ दाखवून, हात मागे घेऊन. मी त्याला लिहीत नाही. तो आपला आपण येतो. राणी बोलत असते, सरदार मुजरे करत असतात, आणि हा मागे वाट बघत थांबलेला. त्याच्या पाठीवर काही नाही. मी सरदारांना फासावर चढवते, कडेलोट करते, हत्तीच्या पायी देते. तरी तो सरळ होत नाही. पुढची मालिका, नवं राज्य, नवा दरबार, आणि हा परत खांबाशी हजर.

त्यामुळे रणधवलला मारायचं हे ठरलेलंच होतं. पण आण्णा मध्ये आले.

आण्णा माझी मालिका सगळ्यांच्या आधी ऐकतात. इअरफोन कानात नीट बसत नाही म्हणून स्पीकर लावतात, आणि मग लिफ्टपर्यंत राणीची डरकाळी. दरबाराचा भाग ऐकून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. "वैशे, त्याला मारनार का गं तू?"

"मग काय पूजा करू?"

"नगं मारू."

मला वाटलं, चांगला आवाज ह्यांनाही भोवला. "आण्णा, अर्धं शहर जाळलं त्यानं. त्या पहारेकऱ्यांना खोटं सांगून दार उघडायला लावलं."

"म्हाईत हाय. ऐकलं मी."

"आणि तरी सोडू? तुम्ही म्हणताय हे? तुम्ही?" आमच्या घरात त्या उन्हाळ्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं.

आण्णा चिडले. "मी म्हंतोय म्हंजे? मला काय कळत न्हाई? बापूला काढला असता तर टोळी फुटली असती. निम्मी त्याची, निम्मी बाकीची. मग मला पाऊस लागल्यावर परत घ्याया टोळी तरी उरली असती का? कुठं गेलो असतो? तुला घिऊन गावाला? काय हुतं गावात? दगडं?" त्यांना धाप लागली. "मोठ्याला सोडावं लागतं. त्यो खांब असतो. खांब काढला तर छप्पर आपल्याच डोक्यावर येतं. तुझ्या आईला बी हे कळलं न्हाई, तुला बी कळत न्हाई."

नाझनीनचा मुद्दा खोडायला माझ्याकडे हजार शब्द होते, कारण ती वळसा घालून जाणाऱ्यांतली नव्हती आणि वाकून उभी राहणाऱ्यांतली पण नव्हती. पण ज्याच्या पाठीवर कुणी हात ठेवला नाही तोच म्हणतोय, की ते बरोबर होतं. मग मी आजवर कुणाच्या वतीनं एवढे सरदार मारले? आणि दुसरं असं, की त्यांना हे खरंच वाटतं, का जगता यावं म्हणून त्यांनी हे स्वतःला पढवलं, हे मला कसं कळणार? माणूस स्वतःला काहीही पढवू शकतो. मी तर त्याचाच पगार घेते.

रात्र रात्र विचार करून डोकं फुटायची वेळ आली, आणि त्याच आठवड्यात बापू आले.

त्यांच्या मुलाचा कळंबोलीला ट्रकांचा धंदा आहे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बापू गावाहून त्याच्याकडे आले होते, तर म्हणाले, जोडीदाराला भेटून येतो. मुलानं गाडीनं आणून सोडलं. पांढरं धोतर, काळा गॉगल, तुकतुकीत चेहरा. आण्णांहून मोठे, पण ताठ. "काय गं ढमे!" म्हणून माझा गालगुच्चा घ्यायला हात पुढे केला. ह्या वयात! मी पाया पडायच्या निमित्तानं चुकवला. पाया पडले मात्र. मनात काहीही असो, आपल्याकडे वाकावं लागतं.

आण्णांना काय आनंद! "बस, बस, हिकडं बस, वारं हाय." मी पुरणपोळी केली, आण्णांचाच हुकूम. जेवताना दोघांनी सगळी टोळी काढली. हा गेला, तो गेला, त्याच्या पोराला सरकारी नोकरी. म्हादूचा विषय निघाला. "लंगडायचा, पर लई बेरका हुता," बापू हसले. मी वाढता वाढता थांबले. आता. आता काहीतरी बोलतील. इतक्या वर्षांनी, पोटभर जेवून, आपल्या माणसाच्या घरी. एक शब्द. "चुकलं लेका" एवढा तरी. त्यांनी टोळीसमोर नाक घासलं होतं, पण ते टोळीपुढे. आण्णांपुढे कधीच नाही.

बापू म्हणाले, "तूप हाय का अजून?"

जेवण झाल्यावर ते आमच्या दिवाणावर आडवे झाले आणि बघता बघता घोरायला लागले. शांत, एका लयीत, लहान पोरासारखे. बाल्कनीचं दार उघडं, कांद्याचा वास आत येत होता. त्यांना त्याचं काही नव्हतं. मी भांडी आवरून आले तर आण्णा समोरच्या खुर्चीवर बसलेले. टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. ते बापूंकडे बघत होते. मी म्हटलं, "तुम्ही पण पडा ना जरा आत." त्यांनी हातानंच नको म्हटलं. आण्णांना दुपारची झोप येत नाही. रात्रीची पण येत नाही. आई सांगायची, त्या सीझननंतर ह्यांचा डोळा कधी धड लागलाच नाही. मला वाटायचं, पाठीच्या दुखण्यामुळे.

सबंध दुपार ते तसेच बसून होते. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा बापू उठले, आळोखेपिळोखे दिले, म्हणाले, "काय झ्याक डोळा लागला रं!" आणि गेले. आण्णा लिफ्टपर्यंत सोडायला गेले.

त्या संध्याकाळी मी भाग लिहून टाकला. राणी रणधवलला सोडते. त्याची भाऊबंदकी, त्याचा मुलूख, पुढचं युद्ध टाळायचं, सगळं तिच्या तोंडी घातलं. नाझनीनची वाक्यं घातली, आण्णांचा खांब पण घातला. वाचून बघितलं तर भाग चांगला झाला होता, हे कबूल करायला हवं. राणी शहाणी वाटत होती. न्याय आणि राज्य यांत तिनं राज्य निवडलं होतं आणि ते निवडताना तिला दुखलं होतं. फक्त एक गोष्ट मला खटकत राहिली. माफी द्यायची का, हे तिनं प्रधानाला विचारलं, सेनापतीला विचारलं, आकाशातल्या ताऱ्यांनाही विचारलं. उत्तर दरवाज्यावरच्या पहारेकऱ्यांना नाही विचारलं. गोष्टीत तसं कुणी विचारत नाही. मारुतीसमोर पण कुणी विचारलं नव्हतं.

नाझनीनला फोन केला. ती खूश. "शहाणी गं माझी बये! बघ, लोक डोक्यावर घेतील."

"हो," मी म्हटलं. "तेच वाटतंय मला."

आण्णांना भाग मीच वाचून दाखवला. ते बाल्कनीत होते, खाली रस्त्यावरून मार्केटकडे जाणाऱ्या गाड्यांचे दिवे दिसत होते. ते लक्ष देऊन ऐकत होते. खांबाचं वाक्य आलं तेव्हा मान हलवली. संपल्यावर म्हणाले, "सोडलंस म्हन की."

"सोडलं. तुम्हीच म्हणालात ना."

"व्हय. बरं केलंस. सोडायलाच पायजे."

मी लॅपटॉप मिटला. चहा टाकावा म्हणून उठले, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "वैशे, सुटल्यावर झोप लागती का गं त्याला?"

"कुणाला?"

"त्यालाच. तुझ्या सरदाराला. वाड्यावर गेल्यावर."

मी त्याचा विचारच केला नव्हता. "लागत असेल," मी म्हटलं. "म्हणजे, तसं काही लिहिलं नाहीये मी."

आण्णा खाली गाड्यांकडे बघत राहिले. त्यांचा आवाज इतका हळू झाला की मला वाकावं लागलं.

"नगं लागू दिऊस," ते म्हणाले. "एवढं कर माझ्यापायी. सोड त्याला, पर झोप लागू दिऊ नगंस."